पोट भरले, तरी हात थांबेना

कोलाडच्या खाचरात जादा पाणी साचले, की आपण बांध फोडून वाट देतो. भूक नसता, चोरून, पोट दुखेपर्यंत खाणाऱ्याच्या मनात लाज अशीच साचते. नुसता निर्धार तिथे पुरत नाही.

१९६० साली लॉस एंजेलिसला अशा माणसांची ‘ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना निघाली. तिच्या बारा पायऱ्या मद्यपींच्या अशाच संघटनेकडून आल्या. त्यांचे मूळ ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीत आहे. हतबलता कबूल करा, देवाला शरण जा, सोबत्यापाशी मन मोकळे करा. ख्रिस्ती भाविकाला ही प्रार्थनेची व पापकबुलीची वाट ओळखीचीच.

हा आजारही असतो. डॉक्टरांना दाखवा, उपाशी राहून भरपाई करू नका. घरात असे कोणी असेल, तर खादाड म्हणून हिणवू नका. शेजारी बसा, ऐका.