उलटीच्या भीतीने उपचार सोडू नका

डिंभ्याहून केमोथेरपीसाठी मुंबईला जाणाऱ्या रुग्णांसोबत आम्ही अनेकदा गेलो आहोत. परतीच्या एस.टी.त उलट्यांनी बेजार झालेली माउली "आता पुन्हा नको" म्हणते, तेव्हा काळजात चर्र होते.

उलटी रोखणारे ओलान्झापिन हे औषध 10 मिलिग्रॅम घेतल्यास फार गुंगी येते. टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी 10 आणि 2.5 मिलिग्रॅमची तुलना केली; निष्कर्ष 2024 साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आले. लहान मात्रेनेही उलटी तितकीच आटोक्यात राहिली. पहिल्या दिवशीची तीव्र गुंगी मात्र 40 टक्क्यांऐवजी 5 टक्के रुग्णांनाच आली.

तेव्हा भगिनींनो, त्रास होतो हे डॉक्टरांना न लाजता सांगा. गोळी मनाने घेऊ नका आणि उपचार अर्धवट सोडू नका.