मणक्यातील गाठीवर किरणांचा अचूक वेध
पाठदुखी अंगावर काढू नका. उपचाराचे यश वेळेवर अवलंबून

कागल, प्रतिनिधी – कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाठदुखी कुणाला नवी नाही. फौंड्रीत कास्टिंग उचलणारा, यंत्रावर जॉब चढविणारा किंवा सूतगिरणीत आठ तास उभा राहणारा कामगार पाठ दुखू लागली, की ‘उसण भरली’ म्हणतो. मलम, पट्टा, वेदनाशामक गोळी आणि पुन्हा पाळी, असा क्रम सुरू होतो. बहुतेकदा त्याचा अंदाज चुकीचाही नसतो. मात्र मोजक्या रुग्णांत या दुखण्याचे मूळ मणक्यातील गाठीत असते. तेथे दवंडलेले दिवस पायांतील बळ हिरावून घेऊ शकतात.

मणक्यात आढळणाऱ्या घातक गाठी बहुतांशी तेथे उगम पावलेल्या नसतात. स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट ग्रंथी किंवा मूत्रपिंड यांतील कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मणक्यात येऊन रुजतात. गाठ हाड पोखरते, मणका खचतो आणि त्याच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब येतो. काही वेळा मूळ कर्करोगाचा सुगावा पाठदुखीमुळेच लागतो.

या गाठीवर किरणोपचार करताना खरी अडचण असते ती मज्जारज्जूची. गाठ आणि रज्जू यांत अनेकदा अवघे काही मिलिमीटर अंतर असते. पारंपरिक पद्धतीत रुंद शलाका सोडल्याने रज्जूलाही जवळजवळ तेवढीच मात्रा मिळते. त्यामुळे एकदाच ८ ग्रे, पाच दिवसांत २० ग्रे किंवा दहा दिवसांत ३० ग्रे अशी मर्यादित मात्रा देण्याची पद्धत रूढ झाली. ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक आहे.

स्टिरिओटॅक्टिक रेडिओथेरपी या नव्या पद्धतीत शलाका अनेक दिशांनी येतात. प्रत्येक शलाका सौम्य असते. मात्र सर्व जेथे एकत्र येतात, तेथे मात्रा तीव्र होते आणि गाठीच्या कडेला ती झपाट्याने उतरते. त्यासाठी एमआरआय आणि सीटी स्कॅन एकमेकांवर जुळवून गाठीची व रज्जूची सीमा आखली जाते. रुग्णाला त्याच्या शरीराच्या आकाराच्या गादीत स्थिर झोपवून प्रत्येक वेळी यंत्रावरच पुन्हा प्रतिमा घेतली जाते. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मेंदूसाठी मांडलेली ही कल्पना, प्रतिमांच्या आधारे नेम साधणारी यंत्रे आल्यावर मणक्यापर्यंत पोचली.

तिचा लाभ किती? कॅनडा व ऑस्ट्रेलियातील २२९ रुग्णांवरील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन बैठकांत २४ ग्रे मात्रा घेतलेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांची वेदना तीन महिन्यांनी पूर्ण थांबली होती. पाच बैठकांत पारंपरिक २० ग्रे घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात एकाच बैठकीतील अचूक उपचार साध्या ८ ग्रेपेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे नवी पद्धत प्रत्येकासाठी नाही. उपचारानंतर काही दिवस वेदना वाढू शकते आणि काही रुग्णांत पोखरलेला मणका खचण्याचाही धोका असतो.

रज्जूवर दाब आला असेल, तर प्रथम शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. २००५ मधील अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रिया व त्यानंतर किरणोपचार घेतलेले ८४ टक्के रुग्ण चालू शकले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांत ५७ टक्के. पाय पूर्ण लुळे पडल्यावर मात्र ते पूर्ववत होण्याची शक्यता बरीच कमी होते.

किरणोपचाराची सोय असलेली कर्करोग रुग्णालये कोल्हापूर परिसरात व मिरजेत आहेत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय आहे. त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचारही उपलब्ध झाला असून, माकडहाडाजवळील कॉर्डोमासारख्या दुर्मिळ गाठींत तो उपयोगी पडतो. राज्य कामगार विमा किंवा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून नेमका कोणता उपचार मिळेल, हे रुग्णालयात आधीच विचारून घेणे श्रेयस्कर.

मग साधी पाठदुखी आणि ही पाठदुखी ओळखावी कशी? आडवे झाल्यावर वा रात्री वाढणारी, विश्रांतीनेही न हटणारी वेदना. कारणाशिवाय घटणारे वजन. पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी लांबवू नये. पायांत अशक्तपणा, बधिरता किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. किरणांचा नेम आज मिलिमीटरचा झाला आहे. पण रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आला, तरच त्या अचूकतेचे खरे चीज होते.