वापरलेली शिडाची नौका केव्हा घ्यावी? : मागितलेल्या किमतीचा अन्वयार्थ

अनिश्चित बाजारात जुनी वस्तू केव्हा विकत घ्यावी हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा समजला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु त्यात भाषेचा वाटा केवढा मोठा असतो, याची जाणीव प्रस्तुत लेखकास एका अनपेक्षित निमित्ताने झाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराच्या परिसरात काही काळ राहण्याचा योग आला असता, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले तेथील एक सहाध्यापक तीस फुटी वापरलेली शिडाची नौका शोधीत होते. ही गोष्ट २०२१ सालची. महासाथीच्या काळात लोक मोकळ्या पाण्याकडे वळल्यामुळे भाव चढलेले होते. ते उतरतील म्हणून हे गृहस्थ थांबले. २०२२ साली थांबले, २०२३ च्या उन्हाळ्यातही थांबले. दरम्यान त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला, आणि डोलकाठीपाशी उभे राहून शीड चढविण्याची आपली किती वर्षे उरली आहेत, हा हिशेब त्यांना नव्याने मांडावा लागला. भावाचा आलेख त्यांच्यापाशी होता. या वर्षांचा नव्हता.

त्यांचा अंदाज अगदीच चुकला असे म्हणता येणार नाही. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढविण्यास प्रारंभ केला व जुलै २०२३ पर्यंत तो जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. कर्ज महागले, गिऱ्हाईक मंदावले. तथापि जाहिरातींतील आकडे मात्र त्या मानाने फार सावकाश खाली आले. असे का व्हावे?

याचे उत्तर असे की, जाहिरातीत छापलेला आकडा म्हणजे किंमत नव्हे. ती एक उक्ती आहे. आपल्याकडे भाजीबाजारातही ‘सांगितलेला भाव’ आणि ‘ठरलेला भाव’ यांत भेद केला जातो, आणि तो भेद करताना आपण नकळत एक भाषिक सत्य सांगत असतो. उक्तीला वक्ता असतो, हेतू असतो, आणि काळही असतो. २०२१ साली चढ्या भावाने नौका घेतलेला मालक २०२३ साली जो आकडा सांगतो, तो आजच्या बाजाराचे वर्णन नसून त्याच्या स्वतःच्या खरेदीची स्मृती असते. म्हणून विचक्षण ग्राहकाने आकड्यापेक्षा आकड्याचा इतिहास वाचावा: जाहिरात प्रथम केव्हा आली, आकडा किती वेळा व केव्हा बदलला. चौदा महिने अढळ राहिलेला आकडा आणि दोन महिन्यांत दोनदा उतरलेला तोच आकडा, या दोन भिन्न उक्ती होत.

जाहिरातीतील शब्दांची मीमांसा याहूनही उद्बोधक आहे. इंग्रजी जाहिरातीत ‘न्यू सेल्स’ व ‘न्यूअर सेल्स’ असे दोन प्रयोग आढळतात. व्याकरणाच्या दृष्टीने दुसरे रूप तरतमवाचक, म्हणजे अधिक नवे. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते कमी नवे! शिडे खरोखरच नवी असती तर विक्रेत्याने ‘न्यू’ म्हणून वर्षही दिले असते. तुलना कशाशी, हे न सांगता तरवाचक रूप वापरले की मूळ विशेषणाचा दावा सोडून दिल्यासारखे होते. ‘प्रोजेक्ट बोट’ याचा अर्थ खरेदीच्या रकमेएवढा खर्च पुढे उभा आहे, असा घ्यावा. ‘प्राइस्ड टू सेल’ हा प्रयोग तर मोठा गमतीचा आहे. न विकण्यासाठी किंमत कोण ठरवितो?

पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत मांडलेली उपपत्ती विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. संभाषणात सहभागी होणारा आवश्यक तेवढी माहिती देतो, या गृहीतकावर आपण न सांगितलेलेही समजून घेतो. येथे विक्रेत्याचे सहकार्य अर्धेच असते. तरी ती उपपत्ती निरुपयोगी ठरत नाही. इंजिन किती तास चालले, नांगराची साखळी किती फूट, गादीचे कापड कोणते, हे सारे सांगणारी जाहिरात डोलकाठी उभी धरणाऱ्या पोलादी तारांच्या वयाविषयी मौन पाळीत असेल, तर ते मौन हेच विधान समजावे. या तारा साधारणतः दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि विमा उतरविणारे त्यांचे वय पुष्कळदा विचारतात. ते सांगण्यासारखे असते तर सांगितले गेले असते.

या मौनाची आर्थिक बाजू जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांचे उदाहरण घेऊन दाखविली. विक्रेत्याला दोष ठाऊक, ग्राहकाला नाही. म्हणून ग्राहक सरासरी वस्तूचा भाव देऊ करतो, आणि त्या भावात उत्तम वस्तूचा मालक बाजारात येतच नाही. नौकेच्या बाबतीत याचा एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. मंदीत सर्वच नौका स्वस्त होतात असे नाही. ज्याला निकड नाही असा चांगल्या नौकेचा मालक ती राखून ठेवतो, आणि सरासरी आकडा उतरलेला दिसतो तो काही अंशी उरलेल्या नौका निकृष्ट असल्यामुळे.

भावाचे भाकीत करणे कितपत शक्य आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९९१ च्या प्रारंभी अमेरिकेत एक लाख डॉलरांहून अधिक किमतीच्या नव्या नौकांवर, त्या मर्यादेवरील रकमेवर दहा टक्के चैनकर बसला. मंदी आणि हा कर एकत्र आल्याने नौकाबांधणीचा धंदा कोसळला. पीअर्सन हा जुना कारखाना त्याच वर्षी दिवाळखोरीत गेला. १९९३ साली कर रद्द झाला. १९८९ साली ‘अजून दोन वर्षे थांबू’ म्हणणाऱ्याला यांपैकी कशाचीच कल्पना असणे शक्य नव्हते.

मात्र एक चढउतार असा आहे की ज्याचे भाकीत करता येते, आणि तो ऋतूंचा. चेसापीकच्या भागात नौकाविहाराचा हंगाम सामान्यतः एप्रिल ते ऑक्टोबर. पुष्कळ मालक शरदात नौका पाण्याबाहेर काढतात, इंजिनातील पाणी गोठू नये म्हणून उपाय योजतात, आवरण घालतात, जागेचे भाडे भरतात. हा खर्च समोर दिसू लागला की विक्रेत्याचा आकडा नरमतो. मग ऐन हिवाळ्यात घ्यावी, असे कोणी म्हणेल. येथेच खरी मेख आहे. आवरणाखाली उभी असलेली नौका चालवून पाहता येत नाही, इंजिन सुरू करता येत नाही, आणि गोठणबिंदूखाली आर्द्रतामापक यंत्राने डेकच्या लाकडी गाभ्यात मुरलेले पाणी विश्वसनीयपणे समजत नाही. म्हणजे स्वस्ताईचा काळ आणि अज्ञानाचा काळ बहुतांशी एकच. ऑक्टोबरचे थोडे आठवडे तेवढे अपवाद: खर्च मालकाच्या दारात उभा, आणि नौका अजून पाण्यात.

गणितज्ञ या ठिकाणी एका प्रसिद्ध कूटप्रश्नाचा दाखला देतील. क्रमाने येणाऱ्या उमेदवारांपैकी पहिले सदतीस टक्के केवळ पाहावेत, नंतर त्यांहून सरस असा जो प्रथम येईल त्याला निवडावे. नियम सुंदर आहे. परंतु त्यात एकदा नाकारलेला उमेदवार परत येत नाही. नौका परत येते, आणि बरेचदा कमी आकड्यासह. त्यामुळे हा नियम येथे जसाच्या तसा लागू करणे इष्ट नाही.

अधिक उपयुक्त गोष्ट म्हणजे तेथील खरेदीची रीत. ग्राहक लेखी देकार देतो, बहुधा दहा टक्के अनामत ठेवतो. पण देकार ‘सर्वेक्षण व जलचाचणी समाधानकारक ठरल्यास’ या अटीने बांधलेला असतो. ऑस्टिन यांच्या परिभाषेत ही कृतिवाचक उक्ती होय, परंतु सशर्त. ती उच्चारल्याने नौका विकत घेतली जात नाही. विशिष्ट तारखेपर्यंत नकार देण्याचा हक्क तेवढा विकत घेतला जातो, आणि त्याचे मोल म्हणजे सर्वेक्षकाचे शुल्क व नौका पाण्याबाहेर उचलण्याचा खर्च. ‘केव्हा घ्यावी’ या प्रश्नाचे स्वरूपच येथे पालटते. आरंभ लवकर करता येतो, निर्णय मागाहून घेता येतो.

आकडे समजुतीपुरते घेऊ. समजा, नौका तीस हजार डॉलरांची आहे आणि वर्षभरात भाव दहा टक्क्यांनी उतरणार आहेत. थांबण्याचा लाभ तीन हजार. आता समजा, तारा बदलण्यास आठ हजार व इंजिन गेल्यास पंधरा हजार लागतात. बाजाराविषयीच्या अज्ञानापेक्षा त्या एका नौकेविषयीचे अज्ञान कितीतरी महाग आहे; आणि पहिले थांबून दूर होईलच असे नाही, दुसरे मात्र आठवड्याभराच्या तपासणीने बरेच दूर होते. वाया जाणारा हंगाम या हिशेबात धरलेलाच नाही.

आमच्या सहाध्यापकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला देकार दिला. सर्वेक्षकाने लहान हातोड्याने डेक ठोकीत नेले. एका ठिकाणी आवाज बद्द आला, नंतर सर्वत्रच बद्द येऊ लागला. त्यांनी नकार दिला व शुल्क गमावले. दुसरा देकार ऑक्टोबरात, एका कॅटलिना ३० या नौकेसाठी. या नमुन्याच्या सहा हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या असल्याने तुलनेला आधार भरपूर होता. जाहिरातीत तारांचा उल्लेख नव्हताच. त्या मूळच्या निघाल्या. तो खर्च सर्वेक्षणाच्या अहवालानिशी दाखविल्यावर मालकाने आकडा उतरविला. संपूर्ण नव्हे, सुमारे दोन तृतीयांश रकमेने. तारा हिवाळ्यात बदलून झाल्या. मे २०२४ मध्ये नौका पाण्यात उतरली तेव्हा शीड चढविण्याचे काम त्यांनी आपल्या मुलीकडे सोपविले होते आणि सुकाणू स्वतःकडे ठेवले होते.