कुजबूज ऐकायची कशी?

नवा पदार्थ तयार झाला की रसायनशास्त्रज्ञापुढे पहिला प्रश्न येतो तो रेणूच्या रचनेचा. रेणू न मोडता ती सांगणारी एक पद्धत म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर. हायड्रोजनचे केंद्रक हे एक चिमुकले चुंबक असते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ते ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींनाच प्रतिसाद देते आणि शेजारच्या अणूंप्रमाणे ही वारंवारता किंचित बदलते. १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी अल्कोहोलच्या रेणूतील तीन प्रकारच्या हायड्रोजनांचे तीन वेगळे संकेत दाखवले. यांपैकी धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला.

अडचण एकच, हा संकेत फार क्षीण असतो. ही चुंबके क्षेत्राच्या दिशेने किंवा विरुद्ध दिशेने राहतात आणि दोन्हींची संख्या जवळजवळ सारखी असल्याने बहुतेकांचा परिणाम एकमेकांत विरतो. ९.४ टेस्लाच्या क्षेत्रात, नेहमीच्या तापमानाला, १० लाख केंद्रकांमागे जेमतेम ३२ जास्तीची उरतात. संकेत मिळतो तो एवढ्यांचाच. त्यात यंत्राची स्वतःची खरखर मिसळते.

उपाय सोपा वाटतो : तेच मोजमाप पुनःपुन्हा करून बेरीज घ्यावी. वर्गात हे करून पाहता येईल. प्रत्येक वेळी १ हा संकेत धरा. नाणे उडवून छाप आल्यास त्यात १ मिळवा, काटा आल्यास १ वजा करा. ही झाली खरखर. १०० वेळा केल्यावर संकेताची बेरीज १०० होते; खरखर मात्र बरीचशी आपसांत कटून साधारण १० च्या आसपास राहते. म्हणजे संकेत पटीने वाढतो, खरखर वर्गमुळाने. पण संवेदनशीलता १० पट हवी, तर वेळ १०० पट लागतो! जुन्या यंत्रात एका नोंदीला ५०० सेकंद लागत असतील, तर १०० नोंदींना जवळजवळ १४ तास हवेत.

एवढा वेळ का लागे? सतारीच्या तरफांचे उदाहरण घेऊ. कोणती तरफ कोणत्या सुरात लावली आहे हे शोधण्यासाठी एकेक सूर सावकाश गात जायचे, अशी ती जुनी रीत होती. बहुतेक वेळ ज्या सुरांना कोणीच साद देत नाही त्यांत जाई. त्याऐवजी साऱ्या तारा एकदम छेडल्या आणि मिश्र नादातून सूर वेगळे केले तर?

१९६४ साली अमेरिकेतील व्हेरियन कंपनीत रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी नेमके हेच केले. रेडिओलहरींचा एक अतिलघु झटका सर्व केंद्रकांना एकदम जागे करतो. त्यांच्या एकत्रित, विरत जाणाऱ्या प्रतिसादातून फूर्ये यांच्या गणिताने एकेक वारंवारता वेगळी काढता येते. सेकंदाला एक झटका दिला, तर ५०० सेकंदांत ५०० नोंदी होतात आणि संवेदनशीलता ५०० च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे २२ पट वाढू शकते. हा शोधनिबंध एका नियतकालिकाने दोनदा परत पाठवला. अखेर तो १९६६ साली दुसरीकडे छापला गेला. १९९१ साली अर्न्स्ट यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निसर्गातील कार्बनपैकी केवळ १.१ टक्का असलेल्या कार्बन-१३ ची नोंद आज नित्याची झाली, ती या पद्धतीमुळेच.

शोध अजून थांबलेला नाही. संकेत टिपणारे वेटोळे अतिशीत केले की खरखर घटते आणि संवेदनशीलता तीन-चार पट वाढते. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व हायड्रोजनच्या केंद्रकाच्या सुमारे ६६० पट असते. ते ध्रुवीकरण केंद्रकांकडे वळवण्याची युक्तीही वापरात आहे. काही प्रथिने यंत्रात ठेवल्या ठेवल्याच बिघडू लागतात. तेथे वेळ वाचला नाही तर माहिती मिळतच नाही.

विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा एक प्रश्न : संवेदनशीलता चौपट झाली, तर १६ तासांचे काम किती वेळात होईल? उत्तर ४ तास नव्हे, १ तास. का, ते त्यांनाच शोधू द्यावे.