तरसाशी नाते सांगणारी चित्रकर्ती

युरोपच्या चित्रपरंपरेत प्राण्याला प्रदीर्घ काळ मिळालेली जागा माणसाच्या मांडीखाली किंवा पायाशी होती: घोडा राजाचे सामर्थ्य दाखवण्यासाठी, मारलेले हरीण शिकाऱ्याचे कौशल्य मिरवण्यासाठी आणि सिंह एखाद्या गुणाचे प्रतीक म्हणून रंगवला जाई. आंद्रे ब्रेताँ याच्या 1924 मधील जाहीरनाम्याने पॅरिसमध्ये रीतसर उभ्या राहिलेल्या अतिवास्तववादाने, म्हणजे स्वप्न आणि नेणीव यांतून उमटणाऱ्या प्रतिमांना तर्कबुद्धीचा अडसर न घालता प्रकट होऊ देणाऱ्या चळवळीने, ही उतरंड खिळखिळी केली. माक्स अर्न्स्ट याने लोपलोप नावाचा पक्षी आपले दुसरे रूप म्हणून चित्रांतून वावरता ठेवला. परंतु माणूस आणि वन्य प्राणी यांच्या नात्याचा सर्वांत धीट विचार लिओनोरा कॅरिंग्टन (1917–2011) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या चित्रकर्तीने केला, असेच म्हणावे लागते.

लँकाशरमधील एका धनाढ्य कापड उद्योजकाच्या या मुलीचे बालपण आयरिश आईच्या आणि दाईच्या तोंडून केल्टिक लोककथा ऐकण्यात गेले, तर तरुणपणी, 1935 मध्ये, उच्चभ्रू घराण्यांच्या रिवाजानुसार तिला राजदरबारात सादर करण्यात आले. या दोन जगांमधील ताण तिच्या 1937–38 च्या सुमाराच्या आत्मचित्रात उघड दिसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या या चित्रात पांढरी तुमान घातलेली, आयाळीसारखे केस मोकळे सोडलेली तरुणी निळ्या खुर्चीत बसली आहे. तिच्या मागे भिंतीवर लाकडी झुलता घोडा अधांतरी टांगल्यासारखा आहे, आणि खिडकीबाहेर खरा पांढरा घोडा रानात उधळला आहे. तिच्यासमोर मात्र एक तरस उभे आहे. ती मादी आहे, तिचे सड दुधाने भरलेले आहेत, आणि तरुणीने पुढे केलेल्या हाताला तिच्या उचललेल्या पुढच्या पायाने जणू उत्तर दिले आहे.

येथे निवडलेला प्राणी महत्त्वाचा आहे. भारतातील लोकसमजुतींत काय किंवा युरोपीय ग्रंथांत काय, तरसाच्या वाट्याला मेलेले उकरणारा अमंगळ प्राणी अशीच अपकीर्ती आली आहे. कॅरिंग्टनने हरीण किंवा हंस न निवडता नेमके हेच जनावर आपल्या बरोबरीने उभे केले, आणि त्याला माणसाळवलेही नाही. याच काळातील तिच्या ‘द डेब्युटांट’ या कथेत समारंभाचा कंटाळा आलेली मुलगी प्राणिसंग्रहालयातील तरसाला आपल्या जागी मेजवानीस पाठवते, आणि ते तरस मोलकरणीला ठार करून तिचा चेहरा मुखवट्यासारखा धारण करते. म्हणजे या नात्यात कोवळीक नाही, त्यात हिंसा आणि भूक यांनाही स्थान आहे. वन्यतेला तिच्या दातांसकट स्वीकारण्याचा हा प्रामाणिकपणा तिच्या समकालीनांत विरळाच आढळतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत स्पेनमधील मनोरुग्णालयातील यातना सोसून कॅरिंग्टन अखेर मेक्सिकोत स्थिरावली. तेथेच फ्रिडा काहलो हिने 1946 मध्ये ‘जखमी हरीण’ हे चित्र रंगवले, ज्यात नऊ बाण रुतलेल्या हरणाच्या देहावर काहलोचा स्वतःचा चेहरा आहे. काहलोला अतिवास्तववादी हे बिरुद मान्य नव्हते आणि तिचे म्हणणे योग्यही होते, कारण तिचे हरीण स्वप्नातून आलेले नाही. पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही न शमलेल्या वेदनेला मिळालेले ते शरीर आहे. तेथे प्राणी माणसाचे दुःख वाहतो, तर कॅरिंग्टनच्या चित्रात तो स्वतःच्या इच्छेने समोर उभा राहतो.

मेक्सिको शहरातील, 1964 मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयासाठी माया लोकांच्या जगावर भव्य चित्र रंगवण्याचे काम कॅरिंग्टनकडे आले, तेव्हा ती चियापास प्रांतातील माया वस्त्यांमध्ये गेली. तेथील डोंगराळ भागात अशी श्रद्धा आहे की, प्रत्येक माणसाबरोबर रानात एक प्राणी जन्म घेतो, कोणाचा जग्वार तर कोणाचा एखादा लहान प्राणी, आणि त्या प्राण्याला इजा झाली की माणूसही आजारी पडतो. पॅरिसच्या कलावंतांना जे नाते नेणिवेत शोधावे लागले, ते या खेड्यांत आजारपणाचे कारण सांगताना रोजच्या व्यवहारात गृहीत धरले जात होते.