धनुष्य मुलीच्या मापाचं हवं

साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अशी बातमी आली की आपल्या पोरीही धनुष्याचं नाव काढतात. मग गटाच्या बैठकीत विषय निघतो, घ्यायचं तर कोणतं घ्यायचं? पहिलं मत हमखास येतं, "चांगलं कडक घ्या. बाण लांब जाईल, आणि पोरगी मोठी झाली तरी बदलायला नको." शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, ते ठीक आहे. धनुष्याचं तसं करू नका. का, ते आज सांगते.

अदितीचं धनुष्य कंपाउंड प्रकारचं. त्याला टोकांशी चाकं असतात, त्यामुळे दोरी पूर्ण मागे आली की हातावरचा भार एकदम हलका होतो. ते महाग असतं आणि त्याचं तंत्रच वेगळं. गावातली मुलगी बहुधा बांबूच्या धनुष्यावर हात बसवते. झारखंडची दीपिका कुमारी रांचीजवळच्या गावातली, वडील रिक्षा चालवायचे. तिची सुरुवातही बांबूच्या धनुष्यावरच झाली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दोन सुवर्णपदकं घेतली. आपल्या देशात इंडियन राउंड नावाचा स्पर्धेचा प्रकार आहे, तिथं बांबू-लाकडाचंच धनुष्य चालतं. नंदुरबारकडच्या बायांना तर तिरकामठा मी काय सांगणार! भिल्लांच्या कामठ्याला दोरीसुद्धा बांबूच्या चिरलेल्या पट्टीची असते.

आता धनुष्य काम कसं करतं ते बघा. दोरी ओढताना आपण दंडाची आणि पाठीची ताकद त्या वाकलेल्या बांबूत भरत असतो. दोरी सुटली की तो सरळ व्हायला धावतो आणि भरलेली ताकद बाणाला देतो. पण सगळी देत नाही. काही ताकद बांबूला स्वतःलाच हलवण्यात जाते. म्हणून टोकं जाडजूड ठेवलेलं धनुष्य ओढायला कडक असूनही बाण आळशी सोडतं. टोकं सर्वांत जास्त अंतर धावतात, त्यांचं वजन जितकं कमी तितकं बरं. लांब दांड्याच्या टोकाला जड फाळ असला की खांदा कसा भरून येतो, तसंच ते. जाड दोरीही बाणाचा वेग खाते.

जाडीची गंमत तर फार मोठी आहे. पट्टी दुप्पट रुंद केली तर ती दुप्पट कडक होते. पण दुप्पट जाड केली तर आठपट कडक होते! उलटही खरं. जाडी फक्त एक दशांश कमी केली, तर कडकपणा पाव हिश्शाहूनही जास्त उतरतो. म्हणून चांगला कारागीर तासताना घाई करत नाही. चार वेळा पटाशी फिरवतो, दोरी लावून वाकवतो, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते लांबून बघतो, मग पुन्हा थोडं तासतो. एका जागी जास्त तासलं गेलं तर धनुष्य तिथंच वाकतं, आणि एक दिवस तिथंच मोडतं. विकत घेताना दुकानदाराला दोरी ओढायला सांगा आणि तुम्ही समोर नाही, बाजूला उभ्या राहून बघा. वाक गोलसर, दोन्हीकडे जवळजवळ सारखा दिसला पाहिजे. मध्येच कोपरा दिसला तर ते घेऊ नका.

बांबूचं बळ कुठं असतं, हे सूप-टोपल्या विणणाऱ्या बायांना पाठ आहे. ते बाहेरच्या सालीजवळ असतं. आतला भाग मऊ. धनुष्य वाकलं की त्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. ताणाच्या बाजूला साल ठेवली असेल, तर तिला पटाशी लावायची नाही, जाडी आतून कमी करायची. सालीवर ओरखडा असेल तर तोच पुढं तडा होतो.

लांबीकडे मुली फारसं बघत नाहीत, कारण आखूड धनुष्य हातात सुटसुटीत वाटतं. पण आखूड धनुष्य शेवटच्या दोन-तीन इंचांत अचानक जड होतं. दोरीचा कोन तिथं अरुंद होतो, बोटं चिमटतात, आणि नेमकी नेम धरायच्या क्षणाला मुलगी थरथरते. लांब धनुष्य सावकाश जड होत जातं, छोटी चूक पोटात घालतं. वेग थोडा कमी मिळेल. शिकणाऱ्या मुलीला मी तरी लांबच देईन, साधारण तिच्या उंचीइतकं. टोकं पुढच्या बाजूला वळवलेलं धनुष्य आखूड असूनही जास्त ताकद साठवतं, पण ते बनवायला अवघड आणि हाताला फसवं. ते नंतर.

आता मुख्य मुद्दा, ओढ. धनुष्यावर पौंडात आकडा लिहिलेला असतो. हा आकडा बहुधा २८ इंच ओढल्यावरचा असतो, आणि आपली बारा वर्षांची पोरगी तेवढं ओढतच नाही. तिची ओढ अशी काढा: दोन्ही हात आडवे पसरायला सांगा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा, त्याला अडीचनं भागा. १५० सेंटिमीटर भरले तर ओढ ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण २४ इंच. एका इंचाला अंदाजे दोन पौंड फरक पडतो. म्हणजे २४ पौंड लिहिलेलं धनुष्य तिच्या हातात १६ पौंडांचं, सुमारे सव्वासात किलोचं. खात्री करायची तर बाळांचं वजन करायचा टांगता काटा घ्या, त्याच्या आकड्यात दोरी अडकवा आणि तिच्या ओढीइतकं ताणून बघा. दहा-बारा वर्षांच्या मुलीला सुरुवातीला १२ ते १६ पौंड पुष्कळ झाले.

त्याहून कडक दिलं तर काय होतं? ती खांदा वर उचलते, कंबर मागे टाकते, मान तिरकी करते. बाण जातो लांब, पण दर वेळी वेगळीकडे. महिन्या-दोन महिन्यांत खांदा दुखायला लागतो. घरात म्हणतात, "पोरीच्या जातीला झेपत नाही." खेळ सुटतो, आणि दोष मुलीला लागतो, धनुष्याला नाही. पारख सोपी आहे: दोरी पूर्ण ओढून, हात न थरथरता, पाच-सहा अंक मोजेपर्यंत तिला धरता आली पाहिजे. नाही जमलं तर हलकं द्या. सहा महिन्यांनी दोन-चार पौंड वाढवता येतात. गटात चार मुली असतील तर दोन-तीन वेगवेगळ्या ओढीची धनुष्यं घेतलेली बरी, ती मुलींच्या वाढीप्रमाणे फिरत राहतात.

बाणही धनुष्याला साजेसे हवेत. साध्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूनं जातो, त्यामुळे सुटताना तो माशासारखा वळवळत मुठीला वळसा घालतो. सगळे बाण एकाच लवचीकपणाचे नसतील, तर प्रत्येकाची वाट वेगळी होते. फार हलका बाणही नको, उरलेला हिसका बांबूला बसतो. आणि बाण न लावता दोरी ताणून कधीही सोडू देऊ नका. लहान भावंडं गंमत म्हणून हेच करतात. सगळी ताकद धनुष्यातच राहते, ते फुटतं आणि कपची डोळ्यात जाऊ शकते.

रोज हातात घेण्याआधी कापसाचा बोळा बांबूवरून फिरवा. तंतू अडकला तर तिथं तडा आहे, ते धनुष्य बाजूला ठेवा. सराव झाला की दोरी उतरवा, नाहीतर बांबू वाकलेलाच राहतो आणि त्याचा जोर जातो. पावसाळ्यात ओल शोषून तो मऊ पडतो, उन्हात टाकला तर चिरतो. चुलीच्या वर नको, भिंतीला टेकवूनही नको. दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, वारा लागेल अशा जागी, आणि बाण दुसऱ्या खोलीत.