चक्कर डोक्यात, दोष कानात!

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. पंचावन्न वर्षांच्या एका शेतकरी गृहस्थांना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. तक्रार एकच, चक्कर. चार महिन्यांत पाच-सहा वेळा त्यांना अशी जबरदस्त चक्कर आली होती की, सारे घर गरगर फिरते आहे असे वाटून ते खाटेचा काठ घट्ट धरून पडून राहत. उलट्या होत, दरदरून घाम फुटे आणि दोन-तीन तासांनी सारे शांत होई. प्रत्येक वेळी सलाईन लागले. कोणी रक्तदाब कमी झाला म्हणाले, कोणी पित्त म्हणाले, कोणी मानेच्या मणक्याचा फोटो काढायला लावला. घरी दृष्टही काढून झाली होती. चक्करच्या गोळ्या मात्र चार महिने रोज चालूच होत्या.

मी विचारले, "चक्कर येण्याआधी कानाला काही जाणवतं का?"

मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्रास डोक्याचा आहे. कानाचा काय संबंध?"

वडील मात्र पुढे सरकून बसले. "हो, डावा कान भरल्यागत होतो. आत पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर ऐकू येते." तेव्हा मुलालाही आठवले की, अण्णा हल्ली मोबाईल नेहमी उजव्याच कानाला लावतात. श्रवणचाचणी केली, तर डाव्या कानाची ऐकण्याची शक्ती बरीच कमी झालेली आढळली.

मुलाचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. चक्कर आणि कान यांचा संबंध काय?

एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

बाहेरून दिसणारा कान म्हणजे केवळ दिंडी दरवाजा. कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण असतो आणि त्याच्याही आत, कवटीच्या अतिशय कठीण हाडात कोरून काढल्यासारखा अंतःकर्ण असतो. हा अंतःकर्ण म्हणजे जणू एक छोटासा वाडा. त्यात दोन बिऱ्हाडे राहतात.

पहिले बिऱ्हाड ऐकण्याचे. ही गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. दुसरे बिऱ्हाड तोल सांभाळण्याचे. यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, तशी त्यांची रचना असते. मान वर-खाली केली, डावी-उजवीकडे वळवली किंवा खांद्याकडे कलली, तरी कोणत्या ना कोणत्या नलिकेला त्याची खबर लागते. शेजारीच दोन इवल्याशा पिशव्या असतात. त्यांतील चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे पसरलेले असतात. एस.टी. सुटली, ब्रेक लागला किंवा लिफ्ट वर निघाली, हे डोळे मिटूनही कळते ते या खड्यांमुळे.

दोन्ही बिऱ्हाडांची कामाची पद्धत एकच. आतला द्रव हलतो, त्यामुळे सूक्ष्म केस असलेल्या पेशी वाकतात आणि मेंदूकडे विद्युतसंदेश जातो. शंखात हा द्रव आवाजाच्या लहरींनी हलतो. पाण्याने भरलेला तांब्या झटकन फिरवला की आतले पाणी क्षणभर मागे राहते, तसे नलिकांत डोके वळल्यावर होते.

महत्त्वाचे म्हणजे, बिऱ्हाडे दोन असली तरी आतले पाणी सामायिक आहे. रक्त पुरवणारी मुख्य रोहिणीही एकच. मेंदूपर्यंत निरोप नेणारा मज्जातंतूही एकच, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी आठवा. त्याच्या दोन शाखा, एक ऐकण्याची आणि एक तोलाची. त्यामुळे एका बिऱ्हाडाला आग लागली की दुसऱ्याला झळ पोहोचण्याची शक्यता नेहमीच असते.

मग घर फिरते का? दोन्ही कान मेंदूला सतत सारखे संदेश पाठवत असतात. बैलजोडीतला एक बैल अचानक थांबला, तर गाडी एका बाजूला वळते. तसेच एका कानाचे संदेश मंदावले की मेंदूला वाटते, डोके वळते आहे. प्रत्यक्षात आपण खाटेवर स्वस्थ पडलेले असतो. या विसंगतीलाच आपण चक्कर म्हणतो.

पॅरिसच्या डॉक्टरांचे निदान

हा संबंध वैद्यकशास्त्राच्याही सहजी लक्षात आला नव्हता. एकोणिसाव्या शतकात अशा झटक्यांना मेंदूत रक्त साकळल्याचा प्रकार समजत आणि रुग्णाचे रक्त काढत. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या डॉ. प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये ठामपणे मांडले की, चक्कर, कानातील आवाज आणि बहिरेपणा एकत्र येतात तेव्हा दोष मेंदूत नसून अंतःकर्णात असतो. पुढच्याच वर्षी ते वारले. या आजाराला आज त्यांचेच नाव आहे. १९३८ मध्ये अशा रुग्णांच्या कानांची मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा आतला द्रव साचून पडदे फुगलेले दिसले. आमच्या शेतकरी रुग्णालाही मेनिएरचाच आजार होता.

दुसरा पुरावा मोठा मजेशीर आहे. अवकाशप्रवासाच्या तयारीसाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गॅलॉडेट कॉलेजच्या अकरा कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग सुरू झाले. त्यांपैकी दहा जणांचे कान लहानपणी मेंदूज्वराने गेले होते आणि ऐकण्याबरोबरच तोलाचे बिऱ्हाडही उजाड झाले होते. कॅनडाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेले. शास्त्रज्ञांना बोट लागली, ते आडवे झाले. आणि ही मंडळी मजेत पत्ते खेळत बसली होती! बोट लागायलाही अंतःकर्ण शाबूत असावा लागतो.

कानाला विचारा

आपण अनेक त्रासांना सरसकट "चक्कर" म्हणतो. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे. त्यामागे बहुधा रक्तदाब, रक्तक्षय किंवा उपवास असतो. भोवतालचे जग गरगर फिरणे वेगळे. गरगरत असेल, तर पुढचा प्रश्न असा: ऐकू नीट येते का?

कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद गरगरते आणि ऐकू व्यवस्थित येते, असे असेल तर बहुधा ते सूक्ष्म खडे जागेवरून निसटून नलिकेत शिरलेले असतात. यावर खरा उपाय गोळी नव्हे. डोके ठराविक क्रमाने वळवून खडे परत जागी नेता येतात. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आज सर्वत्र वापरतात. पुष्कळांना एक-दोन वेळातच आराम पडतो.

अचानक गरगरू लागून एक-दोन दिवस थांबतच नाही, पण ऐकू येते, तर तोलाच्या शाखेला सूज आल्याचा संशय घ्यावा. ऐकूही कमी येत असेल, तर सबंध अंतःकर्णच सुजलेला असू शकतो.

झटका वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो, कान भरतो, घरघर होते आणि ऐकू कमी येते, ही मेनिएरची लक्षणे. यात मीठ कमी करण्याचा सल्ला देतात. म्हणजे लोणचे, पापड, खारे शेंगदाणे बेताने.

एका कानाने हळूहळू ऐकू येईनासे झाले आणि चाल डगमगू लागली, तर क्वचित आठव्या मज्जातंतूवर साधी, कर्करोगाची नसलेली गाठ असू शकते. तिचे निदान एम.आर.आय. तपासणीत होते.

आणि वर्षानुवर्षे वाहणारा कान! पुष्कळ घरांत त्याकडे दुर्लक्ष होते, वर कानात गरम तेल घालतात. हा रोग हाड कुरतडत अंतःकर्णापर्यंत जाऊ शकतो. वाहत्या कानाच्या माणसाला चक्कर येऊ लागली, तर तो धोक्याचा इशाराच समजावा.

काही औषधेही हा वाडा पोखरतात. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने प्रामुख्याने तोलाच्या पेशींना, तर अमिकासिन आणि कॅनामायसिन ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतात. शंखातील पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गंभीर जंतुसंसर्गात अशी औषधे प्राण वाचवतात, पण ती देताना कानाकडे लक्ष हवे. तोंडाला साबण लावून डोळे मिटताच तोल जातो, चालताना दुकानाच्या पाट्यांवरची अक्षरे नाचतात, अंधारात पाऊल चुकते, असे होऊ लागले तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावे.

केव्हा थांबू नये

एका कानाने अचानक, किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासे झाले तर "मळ असेल" म्हणून आठवडाभर वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. यावर स्टेरॉईडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो. दोन आठवडे उलटल्यावर त्याचा फायदा घटत जातो.

चक्करबरोबर बोलताना जीभ अडखळणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, एकाएकी तीव्र डोकेदुखी किंवा उभेच राहता न येणे, यांपैकी काहीही असले तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

मेडिकलमधून आणलेल्या चक्करच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. झटक्याच्या वेळी दोन-तीन दिवस त्या ठीक असतात. पुढे मात्र त्यामुळे मेंदूला नव्या परिस्थितीत तोल सांभाळायला शिकता येत नाही. त्यांतील काही गोळ्यांनी वयस्कर माणसांना हातापायांचा कंप आणि ताठरपणाही येतो. चक्करचा त्रास असणाऱ्यांनी रात्री उठताना दिवा लावावा आणि विहिरीचा काठ, शिडी, मोटारसायकल यांपासून दूर राहावे.

आमच्या रुग्णाच्या रोजच्या गोळ्या बंद झाल्या, जेवणातले मीठ कमी झाले, औषध बदलले. झटके आता क्वचित येतात. कान भरू लागला की ते काम सोडून बसून घेतात. डाव्या कानाचे ऐकणे मात्र पूर्ण परतलेले नाही.

"आधीच कुणी कानाचं विचारलं असतं, तर हा कान वाचला असता का?" त्यांनी परवा विचारले. तशी हमी मी देऊ शकलो नाही. या आजारात ती कोणीच देऊ शकत नाही. पण चार महिने कशाला घाबरायचे हे तरी कळले असते आणि नको त्या गोळ्या टळल्या असत्या.

म्हणून वाचकहो, चक्कर आली म्हणून दवाखान्यात जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगा: ऐकू कसे येते, कानात आवाज होतो का, कान वाहतो का. ही तीन वाक्ये पुष्कळदा महागड्या तपासण्यांहून अधिक सांगून जातात.